वाचकांचे प्रश्न : मोटारसायकलच्या हेडलाइटला झेनॉन बसवावा का?

प्रश्न : माझ्याकडे ३५० सीसीची मोटारसायकल असून तिच्या हेडलाइटमध्ये एच-फोर प्रकारचा ६०/५५ वॉटचा हॅलोजन बल्ब आहे. कामानिमित्त चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडला नेहमी जावे लागते आणि परतताना बहुतेक वेळा रात्र होते. पावसाळ्यात डिपरवर रस्ता जवळजवळ दिसतच नाही. दुकानदाराने ३५ वॉटचे झेनॉन किट सुचवले आहे. फक्त बल्ब बदलायचा, बॅलास्ट (दिवा पेटवून त्याची वीज सांभाळणारी पेटी) टाकीखाली बसवायचा, मूळ वायर कापावी लागत नाही, बॅटरीवरचा भार उलट कमी होतो आणि उजेड तिप्पट मिळतो, असे तो म्हणतो. बसवावे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : दुकानदाराने आपल्याला सांगितलेल्या गोष्टी बहुतांशी खऱ्या आहेत आणि तरीही आमचे उत्तर ‘बसवू नये’ असेच आहे. एच-फोर बल्ब १३.२ व्होल्टला डिपरवर सुमारे १००० आणि अप्परवर सुमारे १६५० ल्युमेन उजेड देतो, तर मोटारींमध्ये कारखान्यातूनच बसवला जाणारा डी-टू-एस प्रकारचा ३५ वॉटचा झेनॉन दिवा सुमारे ३२०० ल्युमेन देतो. डिपरपुरते पाहिले तर तिप्पट हा शब्द चुकीचा नाही. बॅलास्टमध्ये वाया जाणारी वीज धरली तरी भार ५५ वॉटच्या खालीच राहतो, हेही खरे. मात्र दिव्यातून किती उजेड निघतो आणि त्यातला किती हवा तिथे पडतो हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि दुकानात फक्त पहिलाच मांडला जातो.

एच-फोर बल्ब हातात घेऊन नीट पाहिलात तर आत दोन तारा दिसतील. त्यांपैकी पुढच्या, म्हणजे डिपरच्या तारेखाली पन्हाळीसारखी एक छोटी धातूची वाटी असते. हेडलाइटची सारी करामत त्या वाटीत आहे. डिपरची तार रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूच्या किंचित पुढे असल्यामुळे रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर पडलेला उजेड खाली रस्त्याकडे वळतो. खालच्या अर्ध्या भागावर पडलेला उजेड मात्र वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता, म्हणून वाटी तो अडवते. वाटीची एक कड १५ अंशांनी तिरपी कापलेली असते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्यामुळे प्रकाशाची रेषा डाव्या बाजूला थोडी वर चढते आणि कडेचा माणूस, गुरे, मैलाचा दगड दिसतो. या रचनेत तारेची जागा मिलिमीटरच्या अंशांपर्यंत ठरलेली असते, कारण रिफ्लेक्टर प्रत्यक्षात त्या तारेच्याच शेकडो मोठ्या प्रतिमा रस्त्यावर एकमेकींना जोडून अंथरत असतो.

झेनॉन दिव्यात तार नसतेच. जाड क्वार्ट्‌झच्या एका लहानशा कुपीत झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार भरलेले असतात आणि दोन इलेक्ट्रोडमध्ये सुमारे ४.२ मिलिमीटरचे अंतर असते. बॅलास्ट सुरुवातीला २० हजार व्होल्टहून मोठा झटका देऊन त्या अंतरात विजेची कमान पेटवतो आणि मग बरीच कमी, साधारण ८५ व्होल्टची प्रत्यावर्ती (एसी) वीज देऊन ती तेवत ठेवतो. झेनॉन वायूमुळे उजेड लगेच पडतो, पण खरा प्रकाश क्षारांची वाफ झाल्यावर, म्हणजे काही सेकंदांनी येतो. ही कमान सरळ नसते; मध्ये वर उचललेली असते आणि दोन्ही टोकांशी अधिक तेजस्वी असते. किटमधला बल्ब एच-फोरच्या खाचेत नेमका बसतो, पण खाच जुळली म्हणून प्रकाशाचा उगम जुळला असे होत नाही. खुद्द झेनॉन दिवे बनवणाऱ्यांना रिफ्लेक्टरसाठी काचेवर काळे पट्टे मारलेला डी-टू-आर हा वेगळा दिवा काढावा लागला, आणि तोसुद्धा त्याच्यासाठीच आखलेल्या रिफ्लेक्टरमध्येच नीट चालतो. यावरून काय ते समजावे.

परिणाम असा होतो की डिपरची वरची रेषा फाटते आणि बराच उजेड क्षितिजाच्या वर जातो. समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाला दोन्ही हेडलाइट बंद करून दाखवावेसे वाटतील इतकी तिरीप त्याच्या डोळ्यांवर येते. आपल्या बाजूने होणारे नुकसान मात्र सहसा लक्षात येत नाही. उरलेल्या उजेडाचा मोठा भाग चाकापुढच्या पहिल्या दहा-पंधरा मीटरमध्ये सांडतो. तो पांढराशुभ्र पट्टा पाहून चालकाला समाधान वाटते, पण त्याच पट्ट्यामुळे त्याची बुबुळे आकुंचन पावतात आणि पन्नास मीटरवरचा खड्डा पूर्वीपेक्षा कमी दिसतो. किट बसवलेले बहुतेक जण ‘काय लाइट आहे!’ असे म्हणतात ते या पट्ट्याकडे पाहून.

आपली मुख्य तक्रार पावसाची आहे, म्हणून तेही सांगतो. कोरड्या डांबराचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यामुळे त्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि थोडा आपल्याकडे परत येतो. पाण्याचा थर साचला की तोच पृष्ठभाग आरशासारखा होतो, आपला प्रकाश पुढे समोरच्या वाहनाकडे निघून जातो आणि परत जवळजवळ काहीच येत नाही. उजेड तिप्पट केला तरी परत येणारा अंश नगण्यच राहतो, उलट समोरच्याला लागणारी तिरीप तिप्पट होते. पावसात घाटात खरा आधार परावर्तक पट्ट्यांचा, वळणावरच्या बाणांच्या फलकांचा आणि रस्त्यातल्या कॅट-आयचा असतो, आणि ते उजळायला साधा पण नीट रोखलेला दिवा पुरतो.

मागे कोणी बसले की काय होते, तेही मोजून पाहावे. डिपर साधारणपणे १ टक्का खाली रोखतात, म्हणजे दर १० मीटरला रेषा १० सेंटिमीटर खाली उतरते. दोन चाकांमध्ये सुमारे १.४ मीटर अंतर असलेल्या गाडीवर मागे माणूस आणि सामान आल्यावर मागची बाजू ४ सेंटिमीटर दबली, तर गाडी जवळजवळ ३ टक्क्यांनी वर तोंड करते. खाली रोखलेला दिवा आता २ टक्के वर रोखलेला असतो, आणि ५० मीटरवर त्याची रेषा हेडलाइटच्या उंचीपेक्षा मीटरभर वर गेलेली असते. १००० ल्युमेनच्या दिव्याने होणारा त्रास सहन तरी होतो. ३२०० ल्युमेनच्या दिव्याने समोरचा क्षणभर आंधळा होतो. युरोपातील नियमांनी २००० ल्युमेनहून तेजस्वी दिवे असलेल्या मोटारींना भारानुसार दिवा आपोआप खाली-वर करणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे सक्तीचे केले ते याचसाठी. बीएमडब्ल्यूने १९९१ मध्ये आपल्या सेव्हन सिरीज मोटारीत झेनॉन दिवा आणला. झेनॉन दिवा त्यांच्या के १६०० या मोटारसायकलीत २०११ मध्ये आला, तेव्हा गाडी वळणात कलली किंवा पुढे-मागे झुकली की दिव्याचा झोत सावरणारी यंत्रणा त्यांनी सोबत देऊ केली. आपल्याला विकल्या जाणाऱ्या किटमध्ये यातले काहीही नसते. असतो तो फक्त दिवा.

डिपर-अप्परचाही प्रश्न आहे. विजेची कमान दर क्षणी विझवून पेटवता येत नाही, म्हणून एच-फोरच्या झेनॉन किटमध्ये आतली कुपीच एका विद्युतचुंबकाने पुढे-मागे सरकवतात. खराब रस्त्यावर काही महिने चालल्यानंतर हा सरकता भाग अडकला तर दिवा अप्परवरच राहतो. याहून स्वस्त किटमध्ये झेनॉन फक्त डिपरला असतो आणि अप्परला मिणमिणता हॅलोजन. घाटात वळणाआधी दोनदा अप्पर मारून इशारा देण्याची आपली सवय जीव वाचवणारी आहे, आणि ती ज्या दिव्याने भरवशाने पाळता येत नाही तो दिवा घाटासाठी घेऊ नये.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०६ सांगतो की पुढचा दिवा कायम खाली वळवलेला किंवा चालकाला खाली वळवता येईल असा असावा, आणि वळवल्यावर दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला त्याने दिपता कामा नये. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफारांना मनाई करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. दंड होईल या भीतीने किट टाळावे असे आमचे म्हणणे नाही, पण दुकानदार ही गोष्ट सांगत नाही, म्हणून नोंदवली.

आता करायचे काय, ते सांगतो. आपल्या हेडलाइटमध्ये जितका उजेड आहे तितका आज आपल्याला मिळत नसण्याची शक्यता बरीच मोठी आहे. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. इंजिन चालू, दिवा चालू ठेवून आधी बॅटरीच्या टोकांवर आणि मग बल्बच्या कपलरवर (वायर जिथे बल्बला जोडते त्या जोडणीवर) मल्टिमीटर लावावा. बॅटरीवर १३.५ आणि कपलरवर १२ व्होल्ट आले, तर दिसायला फरक जेमतेम दीड व्होल्टचा असला तरी उजेड एक तृतीयांशाने घटलेला असतो. ही गळती इग्निशन स्विच, हँडलवरचे बटण, गंजलेले कपलर आणि सैल अर्थिंग यांत होते. कपलर साफ करून अर्थ घट्ट करावा. त्यानेही भागले नाही तर दोन रिलेची वायरिंग बसवून घ्यावी, म्हणजे हँडलवरचे बटण फक्त रिलेला खूण देईल आणि बल्बला वीज फ्यूजमार्गे जाड वायरने थेट बॅटरीतून मिळेल. तयार कपलरची वायरिंग मिळते, मूळ वायर कापावी लागत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र आधी सर्व्हिस सेंटरला विचारावे.

त्यानंतर काच आणि रिफ्लेक्टर पाहावा. काच आतून धुरकट असेल किंवा रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडला असेल तर नवा बल्ब घालूनही उपयोग नाही. मूळ कंपनीचेच नवे हेडलाइट बसवणे किटपेक्षा शहाणपणाचे. मग नामांकित कंपनीचा ६०/५५ वॉटचाच बल्ब घ्यावा. शंभर वॉटच्या बल्बच्या नादी लागू नये, त्याने होल्डर आणि वायर दोन्ही वितळतात. शेवटी फोकस. टायरमध्ये हवा पूर्ण भरून, स्वतः गाडीवर बसून आणि मागे नेहमी कोणी बसत असेल तर त्यालाही बसवून, सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी सरळ उभी करावी. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखून डिपरची वरची कड त्या रेषेच्या १० सेंटिमीटर खाली आणावी. पुष्कळ गाड्यांचा फोकस शोरूममधून आल्यावर कोणी पाहिलेलाच नसतो.

एवढे करूनही डिपरवर साठ मीटरपलीकडे फारसे दिसणार नाही, ही डिपरची मर्यादाच आहे. ताशी ६० किलोमीटर वेगात भान येऊन गाडी थांबेपर्यंत ओल्या नसलेल्या रस्त्यावरसुद्धा पन्नासेक मीटर लागतात आणि ताशी ८० ला ऐंशीच्या आसपास. ओल्या घाटात याचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको.

प्रश्न : माझी १०० सीसीची जुनी गाडी आहे. इंजिन मंद चालत असताना हेडलाइट पिवळा पडतो, रेस दिली की वाढतो. मेकॅनिक म्हणतो की ‘फुल डीसी’ करून घ्या म्हणजे झेनॉनही चालेल. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : आपल्या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेट कॉइलच्या प्रत्यावर्ती विजेवर चालतो, रेसबरोबर उजेड बदलतो तो त्यामुळे. झेनॉनच्या बॅलास्टला स्थिर एकदिश (डीसी) वीज लागते आणि पेटताना तो काही सेकंद नेहमीच्या दुप्पट-तिप्पट करंट ओढतो, म्हणून तो या वायरिंगवर धड चालणार नाही. ‘फुल डीसी’ करणे म्हणजे कॉइलचे एक टोक अर्थपासून सोडवून पूर्ण लहरीचा रेक्टिफायर-रेग्युलेटर (एसीची डीसी करून व्होल्टेज आवरणारा भाग) घालणे आणि हेडलाइट बॅटरीकडे वळवणे. हे काम जाणकाराने केले तर मंद इंजिनवरही उजेड टिकतो, पण छोट्या कॉइलची मूळ शक्ती त्याने वाढत नाही. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि हेडलाइट सतत वापरल्यास शहरात बॅटरी हळूहळू उतरते. काम अर्धवट झाले तर कॉइल जळते. त्यापेक्षा कपलर, अर्थ आणि बल्ब यांची देखभाल करावी आणि रात्री दूरचा प्रवास या गाडीवर टाळावा, हा आमचा सल्ला. झेनॉनसाठी हा खटाटोप करू नये.

प्रश्न : झेनॉन बल्बवर ४३००, ६०००, ८००० के असे आकडे असतात. ८००० वाला निळसर आणि सर्वांत भारी दिसतो. धुक्यासाठी कोणता चांगला?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ‘के’ म्हणजे केल्व्हिन, आणि तो आकडा रंगाचा आहे, ताकदीचा नव्हे. हॅलोजन साधारण ३२०० केल्व्हिनच्या आसपास पिवळसर असतो, कारखान्यातून येणारे झेनॉन ४३०० च्या जवळ असतात, आणि ६००० च्या पुढे दिवा जसजसा निळा होतो तसतसा त्याच वॉटमध्ये डोळ्याला उपयोगी उजेड घटत जातो. निळ्या उजेडाची तिरीप डोळ्यांना जास्त खुपतेही. आंबोलीच्या धुक्यात दिव्याच्या रंगाने पडणारा फरक लोक मानतात त्यापेक्षा बराच कमी आहे. धुक्याचे थेंब सर्वच रंग सारखेच विखुरतात. समोर पांढरी भिंत उभी राहते ती डोळ्यांच्या पातळीवर गेलेल्या उजेडाने. म्हणून धुक्यात अप्पर बंद ठेवावा, डिपर नीट खाली रोखलेला असावा आणि वेग इतका कमी असावा की दिसते तेवढ्यात थांबता येईल. ८००० चा दिवा फक्त दुकानाच्या काचेआड शोभतो.

प्रश्न : बल्ब न बदलता पूर्ण प्रोजेक्टर हेडलाइट बसवला तर आपले आक्षेप दूर होतात का? शिवाय जोडीला हँडलखाली दोन फोकस लाइट लावले तर?
— एक वाचक, पुणे

उत्तर : प्रकाशाच्या दृष्टीने बरेचसे दूर होतात. प्रोजेक्टरमध्ये भिंगाच्या मागे पडदा असतो, तो डिपरची रेषा धारदार कापतो आणि विद्युतचुंबकाने खाली पडला की तोच दिवा अप्पर होतो. कुपी सरकत नाही, विझतही नाही. पण मोटारसायकलवर या धारदार रेषेचा एक तोटा आहे. गाडी डाव्या वळणात डावीकडे कलली की रेषाही कलते. आतल्या बाजूला, जिथे आपल्याला जायचे आहे तिथे, अंधाराची पाचर येते आणि उजवीकडची कड समोरच्याच्या डोळ्यांत चढते. हॅलोजनची रेषा मऊ असल्यामुळे हे कमी जाणवते. नाना पेठेत असे हेडलाइट उघडून, आत प्रोजेक्टर चिकटवून, पुन्हा सील करून देतात. सील नीट बसला नाही तर पहिल्याच पावसात आत वाफ धरते. कायद्याच्या नजरेत हा फेरफारच आहे.

फोकस लाइटबाबत आमचे मत कडक आहे. नियम १११ नुसार नोंदणी प्राधिकाऱ्याच्या परवानगीवाचून स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावण्यास मनाई आहे, आणि सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी असे दोन दिवे समोरून आले की ती मनाई का आहे ते पटते. खरोखरच जास्त उजेड हवा असेल तर पुढची गाडी घेताना कारखान्यातूनच एलईडी हेडलाइट असलेली, आणि शक्यतो रात्री चालवून पाहिलेली, घ्यावी. झेनॉनचा काळ मोटारींतही सरत आला आहे, कारण एलईडी लगेच पेटतो, कितीही वेळा उघडझाप सोसतो आणि त्याला बॅलास्टचा मोठा झटका लागत नाही. एच-फोरच्या खाचेत बसणाऱ्या सुट्या एलईडी बल्बना मात्र पहिल्या उत्तरातील बहुतेक आक्षेप जसेच्या तसे लागू होतात.

प्रश्न : जुनी गाडी घेतली, तिला आधीच्या मालकाने झेनॉन बसवलेला आहे. काढून पूर्ववत करायचे आहे. घरी काढता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : काढता येईल, पण घाई करू नये. आधी इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण वायर सोडावी आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे, कारण बॅलास्टचा झटका २० हजार व्होल्टहून मोठा असतो आणि दिवा चालू असताना त्याच्या कपलरला हात लावणे धोक्याचे आहे. मग बॅलास्ट आणि बल्बचे कपलर सोडवावे, बल्ब बाहेर काढावा आणि रिफ्लेक्टरच्या खाचा तपासाव्यात. किट बसावे म्हणून पुष्कळदा बुडाची पट्टी कानशीने घासलेली किंवा मागचे रबरी कव्हर भोक पाडून कापलेले असते. तसे असेल तर कव्हर नवे घ्यावे, नाहीतर पाणी आत जाईल. फ्यूज जास्त अँपियरचा घातलेला असल्यास माहितीपुस्तिकेत सांगितलेलाच परत बसवावा. गाडीला मूळचा कोणता बल्ब होता तेही पुस्तिकेत पाहावे: १५०-२०० सीसीच्या अनेक गाड्यांना एच-फोर नव्हे तर ३५/३५ वॉटचा एचएस-वन लागतो, तो दिसायला सारखा असला तरी बूड वेगळे असते, आणि त्या जागी दामटून बसवलेला ५५ वॉटचा बल्ब प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर भाजून काढतो. नव्या बल्बच्या काचेला बोटे लावू नयेत, लागल्यास स्पिरिटने पुसावी. काढलेल्या झेनॉन कुपीत पारा असू शकतो, तेव्हा ती फोडू नये किंवा घरच्या कचऱ्यात टाकू नये; ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी. सर्व जोडून झाल्यावर भिंतीवर फोकस नव्याने लावून घ्यावा, कारण आधीच्या मालकाने लोकांच्या तक्रारींमुळे हेडलाइट बराच खाली झुकवून ठेवलेला असण्याचा संभव आहे.